तितिरमारे सर बेट दाखवतात

मधुकरराव सेलोकर अंदमानहून नुसते परत आले असते, तर काही बिघडलं नसतं. पण ते मोबाइलमध्ये सहाशे बारा फोटो घेऊन आले. भंडाऱ्याच्या शिक्षक कॉलनीतली जी मंडळी रोज सकाळी मैदानावर चार फेऱ्या मारून सिमेंटच्या बाकांवर बसतात, त्यांना ते फोटो ओळीनं दाखवायला त्यांनी सुरुवात केली. रोज चाळीस, असा नेम होता. दहाव्या दिवशी एका रेतीच्या बेटाचे फोटो सुरू झाले. तिथं म्हणे एका गाइडनं त्यांना दोन तास पायी फिरवलं होतं आणि खेकड्यांची नावं सांगितली होती.

हे सगळं सेवकराम तितिरमारे सरांनी सहन केलं असतं. शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवून वर्षभरापूर्वी निवृत्त झालेला माणूस सहनशील असतोच. पण त्या दिवशी मधुकररावांनी एक फोटो मोठा केला आणि खास सरांकडे वळून ते म्हणाले, "बेट म्हणजे सर, चारही बाजूंनी पाणी असते."

हे वाक्य त्यांनी एकतीस जून महिन्यांत, दर वर्षी चार तुकड्यांकडून, तीन-तीनदा म्हणवून घेतलं होतं. ते आज त्यांनाच कोणी तरी शिकवत होतं, आणि तेही लेखा विभागातून निवृत्त झालेला माणूस.

"बेट पाहायले अंदमानले कायले जा लागते?" सर म्हणाले. "आपल्या वैनगंगेत हाये ना. मोहाडीच्या पुढं. मस्त रेतीचं बेट. चांगलं अर्धा किलोमीटर. पुढच्या रविवारी चला, मी दाखवतो."

इथंच थांबले असते तरी चाललं असतं. पण तोंडातून निघून गेलं, "मार्गदर्शनासह."

घरी आल्यावर धुरपताबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नींनी, चहाचा कप समोर ठेवत एकच प्रश्न विचारला. "तुम्ही कधी गेले त्या बेटावर?"

सर कधीच गेले नव्हते. सहा वर्षांपूर्वी एका लग्नाला गेले असताना हात धुवायला जागा शोधत नदीकाठी पोहोचले, तेव्हा त्यांनी ते लांबून पाहिलं होतं. तेही वरातीचा बँड जवळ आल्यामुळे अर्धवटच.

"भूगोल शिकवाले जागेवर जावं लागत नाही," सर म्हणाले. "मी एकतीस वर्षं सहारा शिकवला."

"सहाऱ्यात कोणाले नेलं नव्हतं ना तुम्ही," धुरपताबाई म्हणाल्या आणि भाजी निवडायला लागल्या.

दोन दिवसांत नावं अकरा झाली. सरांची कल्पना होती की चार-पाच जण हो म्हणतील आणि आदल्या दिवशी त्यांतल्या तिघांची पाठ दुखेल. पण एप्रिल महिना होता, मुलं-सुना आपापल्या गावी होत्या, टीव्हीवर काही नव्हतं, आणि कॉलनीला एवढ्यात कोणी कुठं नेलं नव्हतं. नावांबरोबर सल्लेही आले. मधुकररावांच्या पत्नी चंद्रकांताबाईंनी सांगितलं की अंदमानात केशरी जाकीट देतात. ती नसतील तर निदान प्रत्येकाला एक रिकामा पाच लिटरचा तेलाचा डबा द्या, तो बुडत नाही. योगवर्ग घेणाऱ्या रिता मॅडमनी सुचवलं की सापांसाठी मोज्यांत गंधक टाकावं. कोणी तरी म्हणालं, गाइडच्या डोक्यावर टोपी पाहिजे, नाही तर गर्दीत ओळखू येत नाही. अकरा माणसांच्या गर्दीत सर का ओळखू येणार नाहीत, हे त्यांना कळलं नाही, पण टोपी त्यांनी आणली. दुकानात एकच माप शिल्लक होतं. ती कपाळावरून उतरून चष्म्यावर टेकायची.

शिट्टी मात्र त्यांची स्वतःची कल्पना. मैदानावर त्यांनी सगळ्यांना संकेत समजावून दिले. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे धोका. मंडळींनी वहीत लिहून घ्यावं अशी त्यांची अपेक्षा होती, पण कोणी वही आणली नव्हती. मग त्यांनी तीन-तीनदा म्हणवून घेतलं.

"परवानगी काढली का?" मधुकररावांनी विचारलं. "अंदमानात परवानगी लागते."

ज्या कार्यालयात सर गेले, त्याचं नाव न घेतलेलं बरं. तिथल्या लोकांचा काही दोष नव्हता. ते दिवसभर एकाच विषयावर अर्ज घेत होते, आणि तो विषय रेती. कोपऱ्यातल्या टेबलामागच्या बाबूंनी मान वर न करता विचारलं, "किती ब्रास?"

रेती ब्रासमध्ये मोजतात हे सरांना ठाऊक होतं. पण प्रश्न आपल्याला आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही. "अकरा," ते माणसांच्या हिशेबानं म्हणाले.

"अकरा ब्रास. गाड्या किती?"

"दोन ऑटो."

बाबूंनी पहिल्यांदा मान वर केली. "ऑटोनं रेती नेता?"

"रेती नाही न्यायची. माणसं न्यायची आहेत. बेटावर."

"कायले?"

"निसर्ग पाहायले. पाखरं वगैरे."

बाबूंनी ही गोष्ट थोडा वेळ मनात घोळवली. मग शेजारच्या टेबलाकडे वळून विचारलं, "निसर्ग कोणाकडे येते?" शेजारच्या टेबलानं सांगितलं की निसर्ग वरच्या मजल्यावर येते. वरच्या मजल्यानं सांगितलं, रेतीवरचा निसर्ग खालीच येते. सर तीन वेळा जिना चढले-उतरले. शेवटी बाबूंना दया आली. त्यांनी स्वतःच एक हमीपत्र तयार केलं. अर्जदार व त्यांच्यासोबतच्या दहा व्यक्ती सदर बेटावरून कोणत्याही स्वरूपात, कोणत्याही साधनानं, रेती बाहेर आणणार नाहीत. सरांनी सही केली. बाबूंनी सही वाचली.

"तितिरमारे," ते म्हणाले. "अन् पाखरं पाहायले चालले."

सरांनी आडनावाचा इतिहास सांगायला सुरुवात केली होती, पण मागची रांग पुढं सरकली.

नावेची सोय मात्र सहज झाली. नदीकाठच्या टोलीवर, म्हणजे पाच-दहा घरांच्या वस्तीत, शकुनबाई राहतात. बेटावर त्यांची वाडी आहे. पाणी उतरलं की रेतीत चर खणून त्या टरबूज आणि डांगर लावतात आणि स्वतःच्या डोंग्यातून माल इकडं आणतात. वय साठीचं, हातात कायम एक लांब काठी, आणि बोलणं बेताचं. सरांनी फोनवर सांगितलं, रविवारी सकाळी सात वाजता डोंगा पाहिजे, अकरा जण आहेत.

"कोनाची मयत होय का?" शकुनबाईंनी विचारलं.

"नाही, नाही. भ्रमण आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "चार-चार बसतीन."

उरलेले दिवस सरांनी अभ्यासात घालवले. मोबाइलवर उपग्रहातून घेतलेलं बेटाचं चित्र काढलं, त्यावरून आलेखाच्या कागदावर नकाशा तयार केला आणि स्थळांना नावं दिली. पश्चिम टोक, मध्य पठार, घनदाट झुडूप. मग चौदा पानांचं भाषण लिहिलं. एका पानाला एक ठिकाण, अशी आखणी होती. धुरपताबाईंना त्यांनी पहिली सहा पानं वाचून दाखवली. सातव्याला त्यांना शेजारी काही तरी काम निघालं.

रविवारी पहाटे दोन ऑटो निघाले. मोज्यांतल्या गंधकामुळे ऑटोत बसवत नव्हतं आणि तेलाच्या डब्यांमुळे पाय ठेवायला जागा नव्हती. मोहाडीत चहाला थांबले तेव्हा टपरीवाल्यानं, कुठं तेल स्वस्त मिळते का, म्हणून चौकशी केली.

नदीकाठावर शकुनबाई डोंग्यात उभ्या होत्या. पहिल्या फेरीत सर, धुरपताबाई, मधुकरराव आणि चंद्रकांताबाई बसले. सर बसले नाहीत, उभे राहिले. मार्गदर्शकानं उभं राहावं असं त्यांना वाटलं. पाण्यानं चांगली वाट दिली. मधुकररावांनी सेल्फी काढायची काठी लांब केली. सरांनी खिशातून पान पहिलं काढलं आणि "मित्रहो, आज आपण" एवढं म्हटलं, तोच डोंगा रेतीवर अडकला आणि सर चंद्रकांताबाईंच्या तेलाच्या डब्यावर बसले. डबा खरोखरच बुडाला नाही. चेपला मात्र.

शकुनबाई काठीनं डोंगा ढकलू लागल्या. तेवढ्यात उजव्या हाताला एक म्हातारा आणि त्याच्या पाच म्हशी पाण्यातून चालत चालत पुढं गेल्या. म्हाताऱ्यानं धोतर वर खोचलं होतं, पण ते फार वर खोचायची गरज पडली नव्हती.

"तिकडून पायी येता येते?" सरांनी विचारलं.

"येते ना. घुटण्याएवढं पानी हाये."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुमी डोंगा इचारला, गुरुजी," शकुनबाई म्हणाल्या.

सगळे बेटावर जमेपर्यंत आठ वाजले. सरांनी एक शिट्टी मारली, सगळे थांबले. ते थांबलेलेच होते. मग सरांनी ओल्या रेतीवरचे ठसे दाखवले आणि तिसरं पान काढलं. "हे पाहा. पाणमांजराचे ठसे. अत्यंत लाजाळू प्राणी. माणसाची चाहूल लागताच—"

"माह्या शेरूचे होय थे," मागून शकुनबाई म्हणाल्या. शेरू झोपडीच्या सावलीत झोपला होता. नाव ऐकून त्यानं शेपूट हलवलं आणि पुन्हा डोळे मिटले. लाजाळू तो अजिबात नव्हता.

सरांनी दोन शिट्ट्या मारल्या. नकाशाप्रमाणे पुढं घनदाट झुडूप होतं. पण उपग्रहानं जे चित्र काढलं होतं ते कोणत्या तरी जुन्या वर्षाचं होतं, आणि नदीला दर पावसाळ्यात बेट नव्यानं मांडायची सवय होती. झुडपाच्या जागी शकुनबाईंची वाडी होती. सरळ चर, हिरवे वेल आणि त्यांत पसरलेली टरबुजं. अडचण अशी की पाचवं पान "मानवी स्पर्श न झालेली भूमी" या विषयावर होतं आणि सरांना पानं गाळायची सवय नव्हती. त्यांनी ते पूर्ण वाचलं. रिता मॅडम तेवढ्या वेळात एका टरबुजावर बोटानं टिचकी मारून ते पिकलं का, हे ऐकत होत्या.

शकुनबाई पाणी घालायला वाडीतच थांबल्या. "त्या अंगाले जाऊ नोका," एवढं त्या म्हणाल्या. पण त्या अंगाले म्हणजे कोणत्या अंगाला, हे विचारणं सरांना योग्य वाटलं नाही. नकाशा कोणाच्या हातात होता?

पुढं झाऊची झुडपं लागली, डोक्याहून उंच. सरांनी मंडळींना त्यात नेलं. दहा मिनिटांनी सगळे बाहेर आले, तेव्हा समोर एक उपडी पडलेली निळी बादली होती. सर पुन्हा आत शिरले. पुन्हा दहा मिनिटं झाली. बादली पुन्हा भेटली.

"ह्या बेटावर निळ्या बादल्या लय दिसून राहिल्या," मधुकरराव म्हणाले. वर त्यांनी बादलीचा फोटोही काढला.

अर्ध्या किलोमीटरच्या जागेत माणूस हरवू शकत नाही, हे सरांचं ठाम मत होतं. त्यांनी टोपी वर केली, सूर्य पाहिला, त्यावरून दिशा काढली आणि मंडळींना तिसऱ्यांदा झाऊत घातलं. या वेळी मात्र ते दुसऱ्या बाजूनं बाहेर पडले.

समोर नुसती रेती होती. पांढरी, सपाट, लांबपर्यंत, पलीकडं पाणी. वेल नाही, बादली नाही, कुत्र्याचा ठसा नाही. सरांच्या अंगावर खरोखर काटा आला. हेच ते. याच्यासाठी सहा ते आठ पानं सोडून द्यायलाही ते तयार होते. शिट्टी दातांत धरून, नववं पान हातात घेऊन ते झपाझप पुढं चालू लागले. त्यांच्यामागं काही अंतरावर मंडळी पसरून चालली. डोक्यावर करड्या-पांढऱ्या पाखरांचा थवा उठला आणि ओरडू लागला. चोची पिवळ्या, डोकी काळी. सरांना वाटलं, स्वागत चाललं आहे. तेवढ्यात एक पाखरू सरळ खाली आलं आणि त्यांच्या टोपीवर चोच मारून गेलं.

"गुरुजी."

आवाज मोठा नव्हता, पण सर थांबले. उजवा पाय उचललेला होता.

"थो पाय उचलूनच ठेवा," शकुनबाई झाऊच्या कडेला उभ्या राहून म्हणाल्या. "खाली टेकवू नोका. बाकीचे जिथं हायेत तिथंच."

सरांनी खाली पाहिलं. रेती. मग आणखी पाहिलं. पायाच्या चार बोटं खाली रेतीत एक लहानसा खळगा होता आणि खळग्यात रेतीच्याच रंगाची, तपकिरी ठिपक्यांची तीन अंडी होती. त्यांनी घाबरून बाजूला पाहिलं. तिथं दोन. त्याच्या पलीकडं तीन. एकदा एक दिसल्यावर ती सगळीकडं दिसायला लागली, जणू आत्ताच कोणी येऊन मांडली होती. चंद्रकांताबाईंच्या चपलेपासून वीतभर अंतरावर एक खळगा होता. त्यांनी तोंडावर हात ठेवला.

सरांना बोलायचं होतं, पण दातांत शिट्टी होती. श्वास जोरानं येत होता, आणि प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजत होती. एक. मंडळी थांबलेलीच होती. मग दुसरी वाजली. दोन शिट्ट्या म्हणजे चला. सरांनी तीन-तीनदा म्हणवून घेतलं होतं. मागच्या दोघांनी पाऊल उचललं.

"कोणी हलू नका," धुरपताबाई म्हणाल्या. त्या आवाजात त्यांनी घरी सुद्धा कधी कोणाला काही सांगितलं नव्हतं. मग सरांकडे पाहून, "अन् तुम्ही थे शिट्टी थुंका."

सरांनी शिट्टी थुंकली. रेतीवर, पण जागा बघून.

शकुनबाई काठी टेकवत आल्या. घाई होती, आणि घाई करता येत नव्हती. "पाखरं उठले की अंड्यावर ऊन पडते," त्या चालता चालता सांगत होत्या. "नऊच्या पुढचं ऊन लागलं की अंडं रेतीत शिजते. जल्दी करा, पन हळू." एकेकाला त्या हाताला धरून स्वतःच्या पावलावर पाऊल ठेवायला लावत मागं नेऊ लागल्या. रिता मॅडमचा योग त्या दिवशी कामी आला. त्या लांब लांब टांगा टाकत पाचव्याच पावलात बाहेर पडल्या. चंद्रकांताबाईंनी डोळे मिटून घेतले होते. ते उघडायला लावण्यात थोडा वेळ गेला.

सर सगळ्यांत पुढं गेले होते, म्हणून सगळ्यांत मागं राहिले. सगळा भार डाव्या पायावर होता. टोपी पुन्हा चष्म्यावर उतरली होती आणि ती सारायला हात हलवला तर तोल जाईल अशी भीती होती. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी पोरांना बाकावर उभं केलं होतं, एका पायावर मात्र कधी नाही. याचं त्यांना त्या क्षणी फार समाधान वाटलं.

"मधुकरराव," ते हळूच म्हणाले. "पडन वाटून राहिलं."

मधुकरराव चार हातांवर उभे होते. ते जागचे हलू शकत नव्हते. त्यांनी सेल्फीची काठी उघडली, पूर्ण लांब केली आणि मोबाइलसकट पुढं धरली. सरांनी मोबाइल घट्ट पकडला. दोघं तसेच उभे राहिले. एक काठीच्या या टोकाला, एक त्या टोकाला, वर पाखरं ओरडत होती.

शकुनबाई आल्या, वाकल्या आणि त्यांनी सरांचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरून योग्य जागी ठेवला.

सगळे झाऊच्या आडोशाला येऊन बसले. पाखरं एक-एक करत उतरली आणि आपापल्या खळग्यावर बसली. धुरपताबाईंनी मोजली, त्रेचाळीस. एक पाखरू उठून नदीवर गेलं, पाण्यात पोट बुडवून आलं आणि तसंच ओलं बसलं.

"हे काहून केलं त्यानं?" सरांनी विचारलं.

उत्तर स्वतःला माहीत नसलेला प्रश्न त्यांनी किती वर्षांनी विचारला, कोण जाणे.

"अंड्याले थंडावा," शकुनबाई म्हणाल्या. मग त्या आपणहून बोलल्या. ही बाजू त्या लावत नाहीत, निम्मं बेट सोडून देतात. त्यांची सासू सोडायची, म्हणून त्याही सोडतात. मागच्या वर्षी काही पोरं ट्रॅक्टर घेऊन पार्टीला आली, स्पीकर लावला आणि तीन दिवस नाचली. त्या वर्षी आठच जोड्या थांबल्या. एकाही घरट्यात पिल्लू झालं नाही. "माह्या वाडीत कोनी आलं तं चालते," त्या म्हणाल्या. "टरबूज नेते, जाते. अंडं तं पायाखालीच जाते."

सरांनी चौदा पानं घडी करून खिशात ठेवली. त्यात या पाखरांचं नावसुद्धा नव्हतं. कॉलनीतली अकरा माणसं एका जागी अर्धा तास न बोलता बसली, हे पूर्वी कधी घडलं नव्हतं.

काठावर परत आले तेव्हा तिथं एक मोटरसायकल उभी होती आणि शेजारी रेतीवर लक्ष ठेवणारे एक कर्मचारी. त्यांच्या हातात सरांच्या हमीपत्राची प्रत होती. नियमानं तपासणी करावी लागेल, असं ते संकोचून म्हणाले. अकरा जण ओळीनं खाली बसले आणि बूट-चपला झटकू लागले. गंधकासकट रेतीचा चांगला ढीग झाला. कर्मचाऱ्यांनी तो पायानं नदीकडं सारला आणि शिंकले.

"काय पाहून आले, सर?" त्यांनी विचारलं. आता ते मोकळेपणानं बोलत होते. "वरून कागद आला. सहलीसाठी नव्या जागा सुचवा म्हणते. मी म्हटलं, अकरा लोक भंडाऱ्याहून येऊन राहिले, म्हणजे कायतरी असन. टाकून देऊ का ह्या बेटाचं नाव? कागदात सुचवणाऱ्याचा रकाना हाये. तुमचं नाव लिहितो. जमलं तं काठावर फलकही लागन."

फलक. सरांनी तो लगेच पाहिला. निळ्या रंगावर पांढरी अक्षरं, संकल्पना, से. गो. तितिरमारे, सेवानिवृत्त शिक्षक. शेजारून जाणारी माणसं थांबून वाचत आहेत. वर्षभर कोणी काही विचारलं नव्हतं, आणि आज एक शासकीय रकाना त्यांची वाट पाहत होता. शकुनबाई डोंग्यातलं पाणी उपसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पण उपसणं थांबवलं.

"लिहू नका," सर म्हणाले.

"काहून?"

"तिथं काही नाही. मी रस्ता चुकलो. या सगळ्यांले घेऊन झाऊत फिरलो, एकाच बादलीपाशी दोनदा आलो. पाखरानं डोक्यावर चोच मारली. पायाले चटके बसले ते वेगळेच." एवढं बोलून त्यांना थोडं कमी वाटलं. "कोणी येऊ नये, असं मी लेखी द्यायले तयार आहे."

कर्मचाऱ्यांनी खात्रीसाठी मधुकररावांकडे पाहिलं. मधुकररावांना अशी संधी जन्मात एकदाच मिळते. त्यांच्या मोबाइलमध्ये त्रेचाळीस घरट्यांचे फोटो होते, जागेच्या खुणेसकट.

"सर बरोबर सांगून राहिले," ते म्हणाले. "वाया गेली सकाळ. इतका बेकार गाइड मी कुठं पाहिला नाही." आणि खरेपणासाठी त्यांनी बादलीचा फोटो दाखवला.

रकान्यात काही लिहिलं गेलं नाही.

भंडाऱ्यात ती गोष्ट सोमवारी सकाळपर्यंत पोहोचली आणि मंगळवारपर्यंत सुधारली. मैदानावर आता मधुकरराव ती सांगत, आणि मन लावून सांगत. बादली दोनदाऐवजी पाचदा भेटू लागली, चोचेनं टोपीला भोक पडलं, सर एका म्हशीला रस्ता विचारताना दिसले. शेवटचं तर साफ खोटं होतं. सर शेजारच्या बाकावर बसून ऐकत आणि मधूनच एखादा तपशील स्वतःहून पुरवत. भाजीवाला त्यांना वाट सांगू लागला. जुने विद्यार्थी फोन करून, सर, घरी नीट पोहोचले ना, म्हणून विचारू लागले. धुरपताबाईंना वाटलं होतं, हे मनाला लावून घेतील. पण रात्री जेवताना सर मधूनच हसायचे आणि विचारलं तर काही सांगायचे नाहीत.

मधुकररावांनी मोबाइलमधून घरट्यांचे फोटो पुसून टाकले. सरांसमोर बसून, एकेक दाखवत पुसले. वेळ लागला, पण सरांनी या वेळी सगळे पाहिले.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात शकुनबाईंचा फोन आला. त्या एवढंच म्हणाल्या, "फुटले, गुरुजी."

दुसऱ्या दिवशी पहाटे सर आणि मधुकरराव, दोघांनी मोहाडीची पहिली बस पकडली. पुढं टोलीपर्यंत पायी गेले आणि नदी घुटण्याएवढ्या पाण्यातून, चपला हातात घेऊन ओलांडली. शकुनबाईंनी त्यांना झाऊच्या आडोशाला बसवलं आणि स्वतः पाणी घालायला गेल्या. समोर रेतीच धावत होती. एक कण इकडं पळे, थांबे आणि दिसेनासा होई. मग आई चोचीत मासा घेऊन उतरे आणि तो कण तोंड उघडून ओरडे. सरांनी सात मोजले, मधुकररावांनी नऊ. दोघांचं जमलं नाही, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजले. ऊन डोक्यावर आलं तरी दोघं मोजतच होते.

परत आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. दोघांचे पायजमे गुडघ्यापर्यंत ओले होऊन वाळलेले, केसांत रेती, तोंडं तांबडी. कॉलनीच्या वळणावर पानठेल्यापाशी चार जण उभे होते. त्यांतल्या एकानं सरांकडे पाहून डोळे मिचकावले.

"काय सर, पुन्हा हरवले का?"

"हो," तितिरमारे सर म्हणाले. "या वेळी मधुकररावही हरवले."

मधुकररावांनी मान डोलावली आणि दोघांसाठी पान सांगितलं.